न झिजलेली दाढ

नीनानं मेणाची दाढ दिव्याखाली धरली, दोनदा फिरवून पाहिली आणि विचारलं, “सावनी, ही कुणाची दाढ आहे?”

सावनीला वाटलं, ट्रेमध्ये अदलाबदल झाली असेल. अमेरिकेत, आयसेलिनमधल्या तळघरातल्या नीनाच्या या क्लासात दर शनिवारी सकाळी आठ-दहा जण एका लांब टेबलाशी बसून मेणाचे ठोकळे कोरत आणि कोरून झालेल्या दाढा एकाच पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवत. “माझीच आहे,” ती म्हणाली. “ते कळलं गं,” नीना म्हणाली, “पेशंट कोण ते विचारतेय. ही पन्नाशीच्या बाईची दाढ आहे. कस्प बघ ना, सगळे बसलेत. गालाकडची बाजू तर पार सपाट. टेस्टमध्ये त्यांना ब्रँड न्यू दाढ पाहिजे, हिरडीतून नुकतीच वर आलेली, अजून काही न खाल्लेली. तू मला वापरलेली दाढ देतेस यार.” टेबलाभोवतीची मंडळी हसली. त्या हसण्यात वाकडं काही नव्हतं. ती सगळी पंचविशीची, कॉलेजातून थेट विमानात बसलेली मुलं-मुली होती आणि हसू आलं की हसत होती. सावनीही हसली. मग तिनं दाढ परत घेतली, तळहातावर ठेवली आणि तिच्या लक्षात आलं की नीना म्हणते ते खरं आहे. खालच्या पहिल्या दाढेच्या माथ्यावर जे पाच उंचवटे असतात, ज्यांना दातांचे डॉक्टर कस्प म्हणतात, ते पाचही तिनं जागच्या जागी कोरले होते. अंतरं बरोबर होती, मधल्या खाचा बरोबर होत्या. फक्त ती दाढ कुणीतरी आयुष्यभर वापरलेली होती, आणि हे सावनीनं मुद्दाम केलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी हेच एका परक्या माणसानं तिला कळवलं होतं. दोन राज्यं ओलांडून जावं लागतं अशा एका डेंटल कॉलेजात ती प्रवेशाची परीक्षा देऊन आली होती, आणि महिनाभरानं नकार आला तेव्हा त्याच्या शेवटी एक ओळ होती, की कोरलेल्या दाढेवर झीज दिसते. तिला तेव्हा तो मेणाचा दोष वाटला होता. बाहेरून शिकून आलेल्या दंतवैद्यानं अमेरिकेत लोकांच्या तोंडात हात घालायचा असेल, तर लेखी परीक्षा पास होऊन भागत नाही, पुन्हा कॉलेजात जाऊन दोन-तीन वर्षं काढावी लागतात. आणि त्या कॉलेजात शिरायचं तर मुलाखत द्यायची आणि परीक्षकांसमोर बसून मेणाच्या ठोकळ्यातून एक दाढ कोरून दाखवायची. दाढ कशी असते हे तुम्हाला ठाऊक आहे का, हे तपासायला. सावनीनं बार्शीत अकरा वर्षं दवाखाना चालवला होता. दाढ कशी असते हे तिला ठाऊक आहे का, असं तिला तिथे विचारायची कुणाची छाती झाली नसती. बाकीच्या कॉलेजांनी या वर्षी तिला मुलाखतीलाही बोलावलं नव्हतं. बोलावलं होतं ते पुन्हा त्याच एका कॉलेजानं, आणि तिथे एका माणसाला दोनच संधी मिळतात. म्हणजे ही दाढ जमली तर ती पुन्हा डॉक्टर होणार होती, आणि नाही जमली तर पार्सिपनीतल्या एका दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरशेजारी उभं राहून पेशंटच्या तोंडातलं पाणी नळीनं ओढून घेत राहणार होती.

गाडीत बसल्यावर तिला राग आला. आधी नीनाचा आला, कारण नीना तिच्यापेक्षा बरीच लहान असून तिला मॅम म्हणावं लागतं. मग स्वतःच्या हाताचा आला. ओक ट्री रोडवर शनिवारची झुंबड होती. साड्यांच्या दुकानांसमोर लोक गाड्या आडव्या लावून बिनधास्त आत गेले होते आणि मिठाईच्या दुकानातून कुणाचं तरी कुटुंबच्या कुटुंब खोके घेऊन रस्ता ओलांडत होतं. सावनी स्टिअरिंगवर हात ठेवून थांबली आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. हा हात तिच्या बॅचमधला सगळ्यात चांगला हात होता. पहिल्या वर्षाला सोलापूरच्या डेंटल कॉलेजात सर मुलींच्या दाढा बघून न बोलता खिडकीतून बाहेर फेकत, आणि सावनीची दाढ मात्र टेबलावर ठेवून पुढे जात. शाबासकी नव्हतीच त्या माणसाकडे, पण न फेकणं ही केवढी मोठी गोष्ट होती. तेव्हा ती जी दाढ कोरायची ती पुस्तकातली होती, टोकदार, नवी, कुणाच्याच तोंडात नसलेली. मग मधे अकरा वर्षं बार्शी आली. पेशंटच्या तोंडात नवी दाढ बघायला कोण जातं? नव्या दाढेचं काही दुखत नाही. दुखते ती झिजलेली, किडलेली, अर्धी तुटलेली, आणि सावनीच्या खुर्चीत माणसं तीच घेऊन येत. ज्वारीच्या भाकरीचा मुलूख तो. गिरणीच्या दगडाला टाकी लावली की पुढचे आठ दिवस सगळ्या गावाचं दळण कचकचायचं. कुणी तक्रार करत नसे, माणसं ती बारीक खडी भाकरीबरोबर चावून मोकळी होत. त्यात बायका मिश्री लावायच्या, सकाळ-संध्याकाळ बोटानं, रगडून. चाळिशीला बायकांच्या दाढा पाटासारख्या सपाट व्हायच्या. सावनीनं त्या हजारो वेळा आरशात पाहिल्या, बोटानं चाचपल्या, त्यांच्यावर टोप्या बसवल्या, आणि टोपी बसवताना त्या झिजलेल्या शेजारणींशी जुळेल अशी घासून घासून बसवली. आता हात जे करतो ते हेच. मेण कापत कापत तो जिथे थांबायला हवा तिथे थांबत नाही, पुढे जातो, आणखी थोडं काढतो, आणि मग त्याला बरं वाटतं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा तिनं गाडी पुढे घेतली.

घरी तिचा नवरा देवदत्त लॅपटॉप मिटून जेवायला थांबला होता. त्यानं चेहऱ्यावरून ओळखलं, पण लगेच विचारलं नाही. भाजी वाढून घेताना म्हणाला, “काय म्हणाली नीना?” सावनीनं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं होतं. मग म्हणाला, “हे या वर्षी शेवटचं ना पण? म्हणजे आय ॲम नॉट फोर्सिंग. पण तू किती ओढून घेतेयस स्वतःला. रवींद्रकाका म्हणत होते तसा हायजिनिस्टचा कोर्स बघ की. स्टेडी जॉब असतो.” रवींद्रकाका म्हणजे इथल्या मराठी मंडळातले निवृत्त हृदयतज्ज्ञ, सत्तरच्या दशकात आलेले. गणपतीत आरती झाल्यावर हातात प्रसादाची वाटी घेऊन त्यांनी तिला मायेनं सांगितलं होतं, “अगं, दातच साफ करायचे ना शेवटी? मग त्यासाठी परत शाळेत कशाला जातेस?” काका मनानं वाईट नव्हते, तिला पोरीसारखं मानत. त्यांना खरंच वाटत होतं की आपण तिचा त्रास वाचवतोय. या देशात तिला भेटलेला जवळजवळ प्रत्येक माणूस तिचा त्रास वाचवायला टपलेला होता. कुणी म्हणालं पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स कर, कुणी म्हणालं कोडिंग शीक, घरून करता येतं, आणि एका बाईनं तर मोदकांचा बिझनेस सुचवला होता, कारण सावनीच्या मोदकांच्या कळ्या फार सारख्या पडतात. त्या कळ्या सारख्या का पडतात, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. नकार दिला की लोकांना वाटतं ही बाई हट्टी आहे. असू दे. हट्टी म्हणवून घेणं तिला आता जड जात नव्हतं. बिचारी म्हणवून घेणं जड जात होतं.

नीनाचा उपाय सोपा होता. ती म्हणाली, “तू पेशंट विसर. तुझा हात पेशंटनी बिघडवलाय. प्लॅस्टिकचे दात समोर ठेव आणि फक्त ते कॉपी कर, डोकं लावू नकोस.” सावनीनं मन लावून तसं केलं. पार्सिपनीतल्या घरात बैठकीच्या खिडकीशी एक छोटं टेबल होतं, त्यावर तिनं वर्तमानपत्र अंथरलं, प्लॅस्टिकच्या दातांची कवळी ठेवली, आणि दवाखान्यातून आल्यावर स्वयंपाकाआधी रोज एक ठोकळा कोरायला घेतला. मेणाचे कपटे कागदावर पडत, बोटांना मेणचट वास राही, पोळी लाटतानाही तो जात नसे. कवळीकडे बघून कोरलेली दाढ उंच व्हायची, टोकदार व्हायची, कागदावर मोजली तर बरोबरही यायची, आणि तरी ती काहीतरी भलतीच वाटायची. नीनाला दाखवली की ती म्हणायची, बेटर, पण ही मेलेली दिसते. मग हात आपोआप पुढे जाई आणि मेलेल्या दाढेचे कस्प जरा उतरवून तिला जिवंत करायला बघे, आणि पुन्हा पन्नाशीची बाई तयार. कधी कधी कोरता कोरता त्या बाईचं नावच सावनीच्या ओठावर यायचं. ती अहिल्यामावशी होती. भगवंताच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाजीची पाटी घेऊन बसायची आणि दर दोन-तीन महिन्यांनी दवाखान्यात यायची. दाढ दुखते म्हणून यायची, आणि काढूया का म्हटलं की भडकायची. तोंड उघडं असतानाही तिचं बोलणं थांबायचं नाही, त्यामुळे आरसा आत ठेवणं म्हणजे कसरत असायची. एकदा सावनी तिला म्हणाली होती, “मावशी, पार घासली की हो ही. काही राहिलं नाही हिच्यात.” तेव्हा अहिल्यामावशीनं तिचा हात बाजूला केला होता, उठून बसली होती आणि म्हणाली होती, “घासली म्हनून काय झालं? माजीच हाय न्हवं? का तुमच्या बापाची हाय?” शेजारच्या बाकावरचे पेशंट हसले होते आणि सावनीला राग आला होता, कारण बापाचा काही संबंध नव्हता. ती दाढ तिनं काढली नाही. कड थोडी गुळगुळीत करून दिली, आणि ती बाई त्या सपाट दाढेनं पुढे किती वर्षं भाकरी चावत राहिली देव जाणे. हिला विसर, असं नीना म्हणत होती. सावनीनं खूप प्रयत्न केला, आणि मग एके दिवशी प्लॅस्टिकची कवळी उचलून ड्रॉवरमध्ये टाकून दिली. हिला विसरून आपण डॉक्टर होणार असू, तर मग ते डॉक्टर होणं कुणासाठी, असा प्रश्न तिला पडला, आणि तो तिला चांगलाच झोंबला.

रविवारी दुपारी तिची लेक आश्लेषा सोफ्यावर लोळून फोन बघत जांभई देत होती. तेरावं चालू असलेली ही मुलगी जांभया मात्र पन्नाशीच्या माणसासारख्या द्यायची, तोंड झाकायचं नाव नाही. सावनी खिडकीपाशी होती, तिला त्या जांभईत आत कुठेतरी काहीतरी पांढरं चमकलेलं दिसलं. “आशू, उठ. उजेडात ये.” “व्हाय?” “ये म्हटलं ना. तोंड उघड.” “मॉम, धिस इज सो वीअर्ड,” आश्लेषा म्हणाली, पण फोन न सोडता आली आणि खिडकीजवळ मान मागे टाकून उभी राहिली. सावनीनं मोबाइलचा टॉर्च लावला आणि बोटानं गाल बाजूला ओढला. शेवटची दाढ, बाराव्या-तेराव्या वर्षी येते ती, अर्धी बाहेर आली होती. मागच्या बाजूनं अजून हिरडीची घडी तिच्यावर होती. आणि जेवढी आली होती तेवढी इतकी तीक्ष्ण होती की सावनी बघतच राहिली. टोकं अगदी कोवळी होती. उतारांवर बारीक बारीक वळ्या होत्या, खाचेत आणखी खाच होती, आणि जिथे पुस्तकात एक रेघ असते तिथे खरं तर चार होत्या. अशी दाढ तिनं कित्येक वर्षांत बघितलीच नव्हती. आणि तिच्या शेजारीच आश्लेषाची आधीची दाढ होती, पहिलीत असताना आलेली, ज्या दाढेची परीक्षा सावनीला द्यायची होती तीच. ती नवीन नव्हती. सहा-सात वर्षांचं खाणं तिच्यावरून गेलं होतं, घरच्या पोळ्या, शाळेतला पिझ्झा, पुण्याहून आलेला चिवडा. गालाकडच्या टोकांची तीक्ष्णता गेली होती, वळ्या पुसट झाल्या होत्या. दोन दाढा शेजारी शेजारी, आणि मधे फक्त सहा-सात वर्षांचं चावणं. सावनीनं एकीवरून बोट फिरवलं, मग दुसरीवरून. मग पुन्हा पहिल्या दाढेवरून. “मॉम, आर यू डन?” आश्लेषानं घशातून विचारलं. “एक मिनिट.” “यू सेड दॅट.” सावनीनं बोट काढलं नाही. तिला एकदम हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले. मुलीला काही कळेना, तिनं वैतागून तोंड मिटलं तेव्हा आईचं बोट दाताखाली सापडलं. चांगलंच लागलं.

झीज कुठून सुरू होते हे सावनीपेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं? आधी कुठलं टोक जातं, मग कुठला उतार, चाळिशीला कुठपर्यंत, साठीला कुठपर्यंत, हे तिच्या बोटांना अंधारात सांगता आलं असतं. म्हणजे परतीची वाटही तिलाच ठाऊक होती. अहिल्यामावशीची सपाट दाढ तिला जशीच्या तशी आठवत होती. त्या दाढेवर जे नव्हतं ते काय होतं आणि कुठे होतं, हे तिला मागे मागे जात सांगता येत होतं. पाटी वाहायला लागायच्या आधीची, लग्नाआधीची, मिश्री लावायच्या आधीची, सहा-सात वर्षांच्या अहिल्येची दाढ, हिरडीतून नुकतीच वर आलेली. ती मुलगी सावनीनं कधी पाहिली नव्हती, पण तिची दाढ तिला दिसत होती. विसरायचं कुणालाच नव्हतं. फक्त हात थांबवायचा होता. जेवढं मेण आयुष्यानं नेलं असतं तेवढं आपण न्यायचं नाही, ते तिथे ठेवायचं, आणि हात थांबवायचा. तिनं ठोकळा घेतला. गालाकडचा पहिला कस्प कोरताना हात नेहमीप्रमाणे पुढे जायला लागला, आणि तिनं स्वतःशीच पण मोठ्यानं म्हटलं, “बास. हे तिचं आहे.” स्वयंपाकघरातून देवदत्तनं विचारलं, “काय गं?” ती म्हणाली, काही नाही. त्या दिवशी आमटी थोडी करपली, सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

पुढच्या शनिवारी नीनानं दाढ हातात घेतली आणि बराच वेळ फिरवत राहिली. मग तिनं ती मोठ्या भिंगाखाली धरली. “वॉव,” ती म्हणाली, आणि हे नीना कधी म्हणत नसे. “हे कसं केलंस? शेवटी विसरलीस ना पेशंट?” टेबलाभोवतीच्या मुलांनी मान वर केली. इथे हो म्हणून टाकणं सोपं होतं. नीना शिकवत होती ते तिच्या परीनं बरोबरच होतं, आणि तिचा मान राखायला काही बिघडलं नसतं. सावनी म्हणाली, “नाही मॅम. पेशंटवरूनच कोरली. फक्त तिची लहानपणची.” नीनाला कळलं नाही. तिनं खांदे उडवले. “व्हॉटेव्हर वर्क्स. पण इंटरव्ह्यूत असलं काही बोलू नकोस हं. तिथे म्हणायचं, आय ॲम एक्सायटेड टु स्टार्ट फ्रेश. त्यांना ते आवडतं.” सावनीनं ऐकून घेतलं. घरी जाताना गाडीत ते वाक्य तिनं दोन-तीनदा म्हणून बघितलं आणि ते तोंडात नीट बसेना.

परीक्षेला देवदत्तनं सुट्टी काढली आणि आश्लेषाही आली, तिला मॉलला नेण्याच्या बोलीवर. मुलाखत सकाळी होती. एक प्राध्यापक बाई आणि एक वयस्क गृहस्थ टेबलापलीकडे बसले होते. दोघंही इतकं सौम्य बोलत होते की सावनीला दवाखान्यात घाबरलेल्या पेशंटशी आपण असंच बोलायचो ते आठवलं. त्यांनी तिच्या मार्कांचं कौतुक केलं. मग बाई इंग्रजीत म्हणाल्या, “तुम्ही प्रॅक्टिस सोडून बरीच वर्षं झाली. वर्गात सगळे तुमच्यापेक्षा खूप लहान असतील. पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, हे तुम्हाला चालेल ना?” त्यांच्या आवाजात काळजी होती, अपमान नव्हता, आणि तेच जास्त अवघड होतं. नीनाचं वाक्य सावनीच्या ओठांपर्यंत आलं. तिनं ते मागे सारलं. ती म्हणाली, “पहिल्यापासून नाही. तुमच्याकडे जे आहे ते सगळं मी शिकेन, मला ते शिकायचंच आहे. पण अकरा वर्षं मी लोकांच्या तोंडात बघितलंय, ते मी बाहेर चपलांबरोबर ठेवून आत येणार नाही. मला जिथे थांबले तिथून पुढे जायचंय.” चपलांचं त्यांना बहुधा कळलं नसावं. बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. गृहस्थांनी वर बघितलं नाही. बाहेर आल्यावर सावनीला वाटलं, झालं, आपण आपल्या हातानं दार लावून घेतलं. मग लगेच वाटलं, असू दे. जे दार असं लागतं ते उघडून तरी आत काय मिळणार होतं? पण हे वाटणं फार टिकलं नाही, कारण तिला ते दार हवं होतं, मनापासून हवं होतं.

दुपारी मोठ्या हॉलमध्ये प्रत्येकासमोर एकेक मेणाचा ठोकळा ठेवलेला होता. खालची पहिली दाढ, डावीकडची. घंटा झाल्यावर हॉलमध्ये फक्त पात्यांचा आवाज राहिला. सावनीनं ठोकळा हातात घेऊन क्षणभर तसाच धरला, मग कापायला लागली. आजूबाजूला कुणी काय करतंय हे तिनं पाहिलं नाही. आधी मोठं मेण गेलं, मग बाजू आल्या, मग गालाकडचे तीन उंचवटे आणि जिभेकडचे दोन, आणि त्यांच्या उतारांवर त्या वळ्या, कोवळ्या, जशा आश्लेषाच्या दाढेवर होत्या आणि अहिल्यामावशीच्या दाढेवर कधीतरी असणार. हात पुढे जायला बघत होता, आणि प्रत्येक वेळी ती त्याला थांबवत होती. शेवटी थांबवायची गरज उरली नाही. तिनं पातं खाली ठेवलं, कपटे पुसले आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. वेळ अजून बराच उरला होता. बाकी सगळ्यांची डोकी खाली होती.

तेच वयस्क गृहस्थ रांगेतून फिरत फिरत तिच्यापाशी आले. “अजून वेळ आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “बहुतेक जण शेवटपर्यंत काम करतात.”

“माझं झालं,” सावनी म्हणाली.

त्यांनी वाकून दाढ बघितली. बराच वेळ बघितली. मग त्यांनी बोट न लावता गालाकडच्या बाजूकडे निर्देश केला. “हे कस्प तुम्हाला जरा उंच वाटतात का?”

हा इशारा होता की परीक्षा होती, हे तिला कळायला मार्ग नव्हता. त्यांचा चेहरा कोरा होता. एवढा मोठा माणूस उंच आहे म्हणतोय तर असेलही, एवढंसं काढलं तर काय होणार आहे, असं म्हणत तिचा उजवा हात मांडीवरून उचललाही गेला. पातं वीतभर अंतरावर होतं. अख्खा जन्म मोठ्या माणसांनी असं म्हटल्यावर तिनं थोडं काढून टाकलं होतं. लग्न करताना काढलं होतं, विमानात बसताना काढलं होतं, पार्सिपनीत नळी हातात घेतली तेव्हा काढलं होतं, आणि दर वेळी सगळे म्हणाले होते की आता छान बसतंय. तिनं हात परत मांडीवर ठेवला.

“नाही, सर,” ती म्हणाली. “सुरुवातीला ते एवढेच असतात. नंतर झिजतात.”

ते तिच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी हलकेच मान डोलावली, की तो तिचा भास होता, आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

संध्याकाळी पार्किंगमध्ये आश्लेषा मॉलच्या पिशव्यांसकट मागच्या सीटवर पसरली होती. देवदत्त गाडीबाहेर उभा होता, तिला येताना बघून चार पावलं पुढे आला. “कसं झालं?”

“दाढ बरोबर झाली.”

“म्हणजे होईल सिलेक्शन?”

“ते त्यांचं ते बघतील. इंटरव्ह्यूत बहुतेक वाट लावून आलेय.” ती थांबली. “आणि देवदत्त, इथे नाही झालं तर मी दुसरीकडे अप्लाय करणार आहे. त्यांनी नाही बोलावलं तर त्याच्या पुढच्या वर्षी परत करणार. मी विचारत नाहीये तुला. सांगतेय.”

देवदत्तनं तिच्या हातातली बॅग घेतली आणि डिकी उघडायला गेला.